तीन मिनिटं झाली, वाढवू का?

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे याचं तुला हसू येईल. बाबांना आलंच. म्हणाले, "अगं, मधली भिंत चार इंचांची आहे, हाक मार की." मारली होती. रविवारी तीनदा मारली. तू एका कानातला इअरबड काढलास, मी वाक्य सुरू केलं आणि मी क्रियापदापर्यंत पोचायच्या आत तू उत्तर देऊन मोकळी झालीस. मराठीत क्रियापद शेवटी येतं, बाई. तिथपर्यंत थांबावं लागतं. कागदावर तरी तू शेवटपर्यंत जाशील म्हणून हा उद्योग.

रविवारी दोन भांडणं एकात मिसळली. एक तुझ्या मास कम्युनिकेशनच्या एम.ए.चं. पहिलं वर्ष संपलं की नव्या नियमाने पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं आणि एजन्सीवाले बावीस हजार द्यायला तयार आहेत, तर आणखी एक वर्ष ‘मॉडेलं पाठ करण्यात’ कशाला घालवायचं, हे तुझं म्हणणं. दुसरं भांडण तू मंडईत काढलेल्या रीलचं. तुला वाटलं मी पहिल्यावरून चिडले. मी चिडले होते दुसऱ्यावरून, आणि आठवडाभर विचार केल्यावर वाटतंय की ही दोन भांडणं नाहीतच.

आधी कबुली. तुझ्या टेबलावरच्या झेरॉक्स मी वाचल्या, न विचारता. पुसायला घेतलं होतं टेबल, आणि वर दिसलं, ‘शॅनन, १९४८, बेल टेलिफोन’. टेलिफोन हा शब्द दिसल्यावर मी पुढे जाईन होय? बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून खाल्लेलं मीठ आहे ते. तू समासात लिहिलंयस, ‘बोअर. पाच मार्क.’ मी मात्र बाईला चहा द्यायचा विसरून तिथेच खुर्चीवर बसले. निरोप कसा पोचतो याचं त्या शॅननचं मॉडेल: पाठवणारा, यंत्र, वाहिनी, मधली खरखर, पलीकडचं यंत्र, ऐकणारा. अगं, हा आमचा फोन जोडायचा बोर्ड! फक्त चौकोन काढून दाखवलेला.

खरखर म्हणजे काय ते तुझ्या पिढीला कळायचं नाही. तुमचा आवाज एक तर येतो नाही तर तुटतो. आमच्याकडे तो पाण्याखालून यायचा. टेलिफोनची तार माणसाचा सगळा आवाज नेतच नाही, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते. ‘स’चा जो फुत्कार असतो तो बराचसा त्याच्या वर, म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येतात. मला ट्रेनिंगमध्ये हे कारण कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं की ‘सफरचंदातला स का’ असं विचारायचं, आणि नंबर एकेक आकडा सुटा करून परत म्हणून दाखवायचा. कारण तुझ्या झेरॉक्समध्ये मिळालं. खरखरीतून निरोप पोचवायचा तर त्यात थोडं जास्तीचं भरावं लागतं, तेच ते दोनदा सांगावं लागतं. आपली मराठी हे आपणहून करते, कधी लक्षात आलंय? ‘ती काल आली होती’ यात बाई असल्याचं तीनदा सांगितलंय. लाइनने ‘ती’ खाल्ली तरी ‘आली होती’ सांभाळून घेतं. तारेत, म्हणजे टेलिग्रामात, उलट होतं. शब्दागणिक पैसे, म्हणून माणसं निरोप सोलून सोलून पाठवायची, आणि एक शब्द चुकला की घरात रडारड. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली तेव्हा लोक हौसेने शेवटची तार करायला रांगेत उभे होते. मला त्यात हौस वाटली नाही. दारात तारवाला दिसला की माझी आजी आधी पदर डोळ्याला लावायची, मग तार वाचून घ्यायची.

असो. सांगत होते वेगळंच.

मी ८८ साली लागले तेव्हा ट्रंक कॉल होते, म्हणजे आधी बुक करायचे आणि ऑपरेटरने जोडून द्यायचे परगावचे फोन. साधा, अर्जंट, लायटनिंग, आणि पी.पी. पी.पी. म्हणजे नाव सांगितलेलं माणूसच फोनवर यायला हवं. समोर किराणा दुकानदाराचा फोन, आणि हवी असते तिसऱ्या गल्लीतली कुणाची तरी सून. दुकानदार पोराला पळवणार, ती कणकेचे हात पुसत येणार. ती ‘हॅलो’ म्हणाली की आमचं घड्याळ सुरू. लाइन जोडली तेव्हा नाही, फोन उचलला तेव्हाही नाही. बोलणं पोचायला सुरुवात झाली की मग वेळ मोजायची, हा खात्याचा हिशोब होता. तुझी एजन्सी मोजते ते काय? अंगठा थांबला की एक. मला वाटतं आमचं घड्याळ जास्त शहाणं होतं.

तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" तेवढंच आमचं वाक्य. बाकी आम्ही तिथे असून नसायचं. ऐकू सगळं येई. मोडलेली लग्नं, बुडालेली दुकानं, कुणाचं काय. १८८५ चा तार कायदा होता, ऐकलेलं बाहेर काढलं तर शिक्षा होती. पण कायद्याच्या भीतीने कुणी गप्प राहत नसतं. लोकांनी आपल्या हातात दोन्ही टोकं दिली आहेत, ही जाणीव त्या खुर्चीवर बसलं की आपोआप यायची. सगळ्यांना यायची असं नाही म्हणत. बऱ्याच जणींना यायची.

तुला ३० सप्टेंबर १९९३ म्हटलं की पुस्तकातला किल्लारीचा भूकंप आठवेल. मला आदल्या दिवशीची अनंत चतुर्दशी आठवते. माझी सकाळी सहाची ड्यूटी. लक्ष्मी रस्त्यावर ढोल अजून वाजत होते, पायाखाली गुलाल, मी साडी उचलून कडेकडेने गेले. पहाटे चारच्या सुमाराला तिकडे काय झालंय हे रस्त्यावर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आत पाऊल टाकलं तर सगळ्या बोर्डवर दिवे पेटलेले. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, सगळ्यांना एकदम त्याच लाइनी हव्या होत्या, आणि लाइनी होत्या मोजक्या.

एक मुलगा होता. आवाजावरून तुझ्याच वयाचा, इथे शिकायला आलेला असावा. उमरग्याला एका दुकानात पी.पी. हवा होता. दर वीस मिनिटांनी विचारायचा, "ताई, लागला का?" पाचव्या वेळेला माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "काळजी करू नका, सगळे सुखरूप असतील." तो म्हणाला, "खरंच? तुम्हाला कळलं का तसं?" मी गप्प.

शेजारच्या बोर्डवर आमच्यातल्या सर्वांत जुन्या बाई होत्या. कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "हे वाक्य कुणी बुक केलं होतं?"

दुपारी लाइन लागली. पलीकडून काय सांगितलं गेलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. पण माझ्या वाक्याने त्याला चार तास जे धरून बसायला दिलं होतं, ते त्याच्या हातून निसटताना मी ऐकलं आहे.

तेव्हापासून बाईंचा तो प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. आता रीलकडे येते. तू त्या भाजीवाल्या मावशींना विचारलंस, "पॉडकास्ट म्हणजे काय?" त्यांना ऐकू आलं ‘कास्ट’. येणारच. शाळेत नातवंडांचं नाव घालायचं, फीची सवलत घ्यायची, प्रत्येक खिडकीवर हा शब्द त्यांनी ऐकलाय, कास्ट सर्टिफिकेट. तर त्या म्हणाल्या, "कास्ट कशाला विचारते गं?" तिथे तू चित्र थांबवलंस आणि मागे हसण्याचा आवाज टाकलास. दोन लाख सत्तर हजार लोकांनी बघितलं.

मनू, ते हसू कुणी बुक केलं होतं?

तू म्हणालीस, "आई, ती विनोदी मोमेंट होती, कुणी दुखवायला केलं नाही." माहीत आहे. मीसुद्धा त्या मुलाला दुखवायला बोलले नव्हते.

आणि आता तुझ्या ‘पाठ करायच्या मॉडेलां’कडे. त्याच झेरॉक्समध्ये पुढे आपल्या पुण्याची गोष्ट आहे, तिथपर्यंत तू पोचलेली दिसत नाहीस, कारण पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ चं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने तिथून रेडिओ फार्म फोरमचा प्रयोग झाला. आपल्याकडची दीडशे गावं. दर गावात दहा-वीस माणसांचा गट, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. ऐकून उठून जायचं नाही. रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आपल्या गावाला हे जमेल का ते ठरवायचं, आणि शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तरं देणार. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी मग तपासलं. गट असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं. गट बसवलेल्या गावांत लोकांना शेतीतलं, आरोग्यातलं बरंच जास्त कळलं होतं. नुसत्या रेडिओने फारसा फरक पडला नव्हता.

मी हे दोनदा वाचलं. दीडशे गावं गुणिले वीस, फार तर तीन हजार माणसं. तुझ्या रीलच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढी. पण त्यांना परत बोलता येत होतं, आणि बोललेलं कुणी तरी वाचून उत्तर देत होतं. हे तुला एजन्सीत कोण शिकवणार? तिथे तुला ॲप शिकवतील, कुठल्या सेकंदाला काय टाकायचं ते शिकवतील. शिक, वाईट नाही. पण माझं बघ. आमच्यात ज्या बायका दोन्ही हातांनी सटासट कॉर्ड लावायच्या, त्यांचा केवढा दरारा होता! एसटीडी आली, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवायला लागले, आणि त्या हातांना काम उरलं नाही. मला १९७ वर बसवलं, नंबर चौकशीला. तिथे हाताच्या वेगाचं काय करणार? लोक विचारायचे, "सदाशिव पेठेतल्या जोशींचा नंबर द्या." सदाशिव पेठेतले जोशी! मग विचारायचं, काय करतात, कुठल्या मारुतीजवळ, घरात आणखी कोण असतं. समोरच्याला नेमकं काय हवंय ते त्यालाच सापडवून द्यायचं. त्यावर पुढची वीस वर्षं निघाली. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडले, त्याच दिवशी देशभरात बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली. त्यांतली किती तरी माझ्यापेक्षा हुशार होती. यंत्राची नाडी त्यांना जास्त कळायची.

तेव्हा माझं म्हणणं असं. दुसरं वर्ष कर. प्रबंध असतो ना, त्याला विषय सापडत नाही म्हणून कुरकुरत होतीस. मंडईत कोथिंबिरीचा भाव सकाळी कोणाला आधी कळतो, कोणाला शेवटी, मार्केट यार्डातून निरोप कसा येतो, फोनवर की तोंडी, मध्ये काय गळतं, हे बघ. सहा महिने पुरेल. तिथे प्रश्न विचारायला लागलीस की आपण विचारलेलं पलीकडे काय म्हणून पोचलं, हे पहिल्याच दिवशी कळेल. एजन्सीचं काम संध्याकाळचं, अर्धवेळ मिळत असेल तर बघ. फीचं माझ्यावर सोड, बाबांना त्यात आणू नकोस, त्यांना नुसता आकडा सांगितला तरी बीपी वाढतं.

नाही म्हणालीस तरी घरात राहशीलच, जेवशीलच. फक्त पूर्ण वाक्य ऐकून नाही म्हण.

आणखी एक. गुरुवारी मी मंडईत गेले होते. त्या मावशींना शोधायला फार वेळ लागला नाही, तुझ्या व्हिडिओत मागे ती लिंबांची हातगाडी दिसते. गवार घेतली. मी काही बोलायच्या आतच माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "ही पिशवी एका पोरीकडं होती. तुमची का ती?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "चुणचुणीत आहे. मला कास्ट विचारत होती. मी म्हटलं, भाजी घ्यायचीय ना, मग घे की, कास्ट कशाला विचारते. तर मोठ्यानं हसली. व्हिडिओ दाखवायला परत येते म्हणाली होती. आली नाही अजून."

मी काही सांगितलं नाही. सकाळी अकरापर्यंतच असतात त्या.

तुझी,
आई