पिंक फ्लॉइडच्या भांडणांपेक्षा गाण्यावर लिहा

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडवर अर्धं पान आलं, आधी त्याबद्दल थँक्यू, आपल्या पेपरात हे नाव एवढ्या मोठ्या टायपात बघून खरंच भारी वाटलं. पण अख्ख्या लेखात बँडमधल्या वॉटर्स-गिल्मरचं भांडण, सिड बॅरेटचं व्यसन आणि अल्बम किती खपले एवढंच, कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटचं तर नावसुद्धा नाही, आणि वर शेवटी 'आपल्या कानांना हे जड जातं' असं वाक्य. ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय.

सांगली-मिरजेच्या माणसाला का जड जावं हो? मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, उरुसात दर्ग्यात लोक रात्र रात्र बसून गाणं ऐकतात, इथल्या माणसाला सावकाश उलगडणारं गाणं कळत नाही असं कसं म्हणता? 1975 चं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लावून बघा. राइटचा सिंथेसायझर जी मायनर ही स्वरसंगती धरून बसतो, ठेका नाही काही नाही, त्यावर गिल्मरचं गिटार तार ओढून मींड घेतल्यासारखं एकेक स्वर लांबवत फिरतं, मग चार स्वरांची ती जागा येते आणि त्यानंतर कुठे ड्रम. शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात! आलापी ऐकणाऱ्याला यात घाई होणार नाही. आता हे त्यांनी आपल्याकडून उचललं असं मी म्हणत नाही, गिल्मरचं वाजवणं ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतातलं आहे आणि बँडचं नावही पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूजवाल्यांवरूनच पडलंय.

1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बममधलं 'मनी' घ्या. सात मात्रांचं. रूपक ताल हुबेहूब बसेल असं नाही, पण तबल्याला बसलेला कुठलाही पोरगा सात बरोबर मोजेल. सुरुवातीचा गल्ल्याचा, नाण्यांचा, कागद फाटल्याचा आवाज टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापून, जोडून केलाय, म्हणजे लय अक्षरशः हातानं कापलेली. सॅक्सोफोनही सातातच वाजतो आणि गिटार सोलो आला की सगळे चारात शिरतात, ती उडी ऐकताना अजून अंगावर काटा येतो. त्याच अल्बमात क्लेअर टॉरी एक शब्द न उच्चारता नुसत्या आवाजावर अख्खं गाणं तोलते.

पुढच्या बँड्सवरचा परिणामही लेखात नाही. पॉर्क्युपाइन ट्रीचं सुरुवातीचं काम ऐकलं की फ्लॉइड लगेच ओळखू येतात, आणि ड्रीम थिएटरनं तर 2005 मध्ये 'डार्क साइड ऑफ द मून' पूर्णच्या पूर्ण स्टेजवर वाजवला.

तेव्हा विनंती एवढीच की 1971 च्या 'एकोज'वर, साडेतेवीस मिनिटांच्या त्या एकाच गाण्यावर, वेगळा लेख घ्या आणि तो वाजवणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. मिरजेत असे बरेच मिळतील.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली