पाकातल्या तुकड्यांना फळ म्हणू नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसले. ताजी फळं कापायला वेळ नसेल तर सुकवलेली खा, पोषण तेच मिळतं, असं बिनधास्त लिहून मोकळे झालात. काय ओ, कुठली सुकवलेली? आपल्या पंढरपूरकडचा बेदाणा वेगळा आणि पाकात मुरवून वाळवलेली क्रॅनबेरी, अननसाच्या चकत्या वेगळ्या. बेदाण्यात वरून साखर घालत नाहीत, चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर होतो, पाणी उडून जातं आणि साखर सगळी तिथंच राहते म्हणून मूठभर खायचा, बास. लोह, फायबर टिकतं, सी जीवनसत्त्व बरंचसं जातं. इथपर्यंत आपलं भांडण नाही.

पण क्रॅनबेरी मुळातच एवढी आंबट की साखरेशिवाय कुणी तोंडात धरत नाही. ताज्या १०० ग्रॅममध्ये साखर ४ ग्रॅमच्या आसपास, पाकिटातल्या गोड केलेलीत ७० च्या आसपास! आणि हे म्हणे तेच.

माझा राग खरा शाळेवर आहे, तुम्ही मधे सापडलात. नातवाच्या शाळेत फ्रूट डे असतो. सूनबाईनं पेरूच्या फोडी दिल्या, वर जरा तिखटमीठ. डबा तसाच परत आला आणि डायरीत लाल पेनानं शेरा, ‘कापलेले फळ काळे पडते, हात चिकट होतात, ड्रायफ्रूट पाठवावे.’ शेजारच्या पोरीची टूटीफ्रुटी मात्र चालली, वर तिला हातावर स्टारचा शिक्का. टूटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, साखरेचा पाक आणि रंग, बाकी काय असतंय त्यात? पेरूत १०० ग्रॅममागं सी जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. मी पाकीट घेऊनच मॅडमना भेटायला गेले, मागची बारीक अक्षरं दाखवली, जे वजनानं जास्त ते आधी लिहावं लागतं आणि इथं पहिलाच शब्द साखर आहे बघा म्हटलं. त्या म्हणाल्या, “आजी, पुढं फ्रूट लिहिलंय की.” आता काय बोलायचं!

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर मोठ्या माणसांनासुद्धा दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. आणि तुमचा लेख आता शाळेच्या नोटीस बोर्डावर लागणार, हे मी लिहून देते.

सोलापूरच्या डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला आहे, आणि आपल्याच पेपरात आपल्याला क्रॅनबेरी खायचा सल्ला. केगावला एक फोन तरी करायचा होता.

अजून एक. चौकटीत लिहिलंय, ताजी फळं वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवा. वाहतं पाणी म्हणे! आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री-अपरात्री, उजनी धरण भरल्याचा फोटो तेवढा तुम्ही पहिल्या पानावर रंगीत छापता. पुढच्या पुरवणीत कुठल्या भागाला कधी पाणी येणार ते छापा, पेरू मी त्याच दिवशी आणीन.

आपली,
एक आजी, जुळे सोलापूर