आयुष मंत्र्यांना खुले पत्र: काढा औषध आहे की चहा, एकदा ठरवा

प्रति,
मा. आयुष मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६८. मंत्र्यांना पत्र लिहायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली आहे, ती काल संध्याकाळी किराणा दुकानात जे पाहिलं त्यामुळे. ज्या काढ्याने आमचे हे आयसीयूत गेले, त्याच काढ्याचे खोके पुन्हा काउंटरवर रचून ठेवले होते. वर नवी पट्टी होती, 'आजी-आजोबांसाठी खास'. दीड महिन्यापूर्वी एका सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी मला तोंडावर शब्द दिला होता, "बाई, आठ दिवसांत नमुना घेतो." कोणी फिरकलंसुद्धा नाही.

हे ७३ वर्षांचे. अठरा वर्षं बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. करोनात तुमच्या मंत्रालयाने काढा सांगितला तेव्हा तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा साधा होता. आम्ही तो इमानदारीने प्यायलो. साथ गेली, सवय राहिली. पुढे तयार पुडी मिळू लागली आणि गेले चौदा महिने मीच रोज सकाळ-संध्याकाळ ती उकळून, गाळून, फुलपात्रात ओतून यांच्या हातात देत होते. खोक्यावर लिहिलं होतं, 'शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत'.

बीपी वाढत चाललं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पाय सुजले. मग एका सकाळी यांना सदऱ्याची बटणं लावता येईनात. बोटं काजापाशी जायची आणि तिथेच थांबायची. मी चिडले, म्हटलं, काय लहान मुलासारखं करताय. दुपारी ते संडासातून उठू शकले नाहीत. शेजारच्या दोन मुलांनी उचलून बाहेर आणलं. दवाखान्यात रक्तातलं पोटॅशियम निघालं २.४. ते निदान ३.५ तरी हवं म्हणतात. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. चार दिवस आयसीयू, बिल एक लाख अडतीस हजार. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि डोळ्यांपुढे सारखी ती बटणं येत होती.

तिसऱ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारलं, "आजी, घरचं काही पितात का हे?" तोवर कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं, कारण काढा म्हणजे औषध हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मी खोका आणला. भिंग धरून वाचलं तर यादीत पहिलं नाव ज्येष्ठमध. किती, ते लिहिलेलं नाही. त्या मुलीने समजावून सांगितलं की ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं, ते रोज पोटात गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जात राहतं. लघवीची गोळीही पोटॅशियमच काढते. म्हणजे एकीकडून काढा आणि दुसरीकडून गोळी, दोघांनी मिळून माझ्या नवऱ्याला रिकामं केलं, आणि ती वाढणी मी केली.

साहेब, युरोपात ज्येष्ठमध असलेल्या पेयात लिटरमागे ५० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिक आम्ल (म्हणजे तेच ग्लायसिरायझिन) भरलं, तर 'उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी अति सेवन टाळावे' असं बाटलीवर छापावंच लागतं. तिथल्या म्हाताऱ्यांचा जीव जीव आहे, मग आमचा काय आहे?

मी तक्रार घेऊन गेले. एका टेबलावर सांगितलं, हे अन्नात मोडतं, पलीकडे जा. पलीकडे म्हणाले, जडीबुटी आहे, औषधवाल्यांकडे जा. तीन खेपा झाल्या. विकताना तो चहासारखा विकायचा, गुण मात्र औषधाचे सांगायचे, आणि माणूस पडला की तो दोन्ही नाही.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. माझे आजोबा वैद्य होते. ते नाडी बघायचे, पुड्या मोजून द्यायचे, सात दिवसांच्या, आणि आठव्या दिवशी दाखवायला बोलवायचे. कोणी आणखी मागितलं तर ओरडायचे. मात्रा, काळ, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते) याशिवाय त्यांनी साधं त्रिफळाही कोणाला दिलं नाही. 'रोज, कायम, सर्व वयोगटांसाठी' हे कुठल्या वैद्याचं शास्त्र आहे?

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. तुमच्या मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं ठरवलं. वनस्पती नीट ओळखलेली नव्हती, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं म्हणणं पडलं. मानलं. मग पेल्यात कोणती वेल पडते ते तपासायचं कोणी? मी?

जाहिरातींना आधी मंजुरी हवी म्हणून २०१८ मध्ये नियम १७० आणलात. २०२३ मध्ये राज्यांना लिहिलंत, त्याखाली कारवाई करू नका. १ जुलै २०२४ ला नियमच काढून टाकलात. त्या काढण्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती, ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये उठली. औषध बनवणाऱ्यांचं तुम्ही इतकं ऐकता. पिणाऱ्यांचं कधी ऐकणार?

आमच्या बागेत सकाळी येणाऱ्या शंभर म्हाताऱ्यांतले ऐंशी तरी काही ना काही पितात. मी आठवडाभर उभी राहून विचारलं आहे. कारल्याचा रस, तोही साखरेच्या गोळीवर. कोरफड, गव्हांकुर, दुधी. कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो हे २०११ मध्येच सरकारी तज्ज्ञ समितीने तपासलं होतं, पण रसाच्या गाडीवर त्याची एक पाटी नाही. आणि लोक का पितात हे? सरकारी दवाखान्यात नंबर लागेस्तोवर दुपार होते, दोन मिनिटांत बाहेर काढतात, पेन्शन गोळ्यांना पुरत नाही. करोनात ज्येष्ठांची रेल्वेची सवलत काढून घेतलीत, ती परत दिली नाहीत. काढा तेवढा हातात ठेवलात.

प्रत्येक पुडीवर ज्येष्ठमध किती ते ठळक लिहायला लावा आणि बीपी, हृदय, किडनीवाल्यांसाठी इशारा छापायला लावा. केसपेपरवर 'काढा, रस, चूर्ण घेता का?' हा एक रकाना घाला. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा २०१८ पासून आहे म्हणे. आमच्या वॉर्डात तिचा फॉर्म कोणी पाहिलेला नव्हता. तो प्रत्येक दवाखान्यात मराठीत ठेवा.

ती पुडी मी फेकलेली नाही. अर्धी उरली आहे, डब्यात बंद करून, बिलाच्या प्रतीसह ठेवली आहे. नमुना न्यायला माणूस पाठवा, मी घरीच असते. हे अजून भिंत धरून चालतात, त्यांना सोडून मला कुठे जाता येत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली