काका, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

सावंतवाडीच्या चितारआळीतले काका, तुमच्याकडे साधा बटणांचा मोबाईल आहे, त्यामुळे हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे. नाही दाखवलं तरी चार लोकांना कळू दे म्हणून लिहितेय.

काल कॉलेजात आमच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन झालं. माझ्या टेबलावर गंजिफा होता, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पोरं येऊन पानं हातात घेऊन बघत होती आणि मला सारखी तुमची ओटी आठवत होती, घसा दाटून आला अक्षरशः.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन महिने नुसती फिरत होते. एका ऑफिसात म्हणाले लेखी अर्ज आणा, अर्ज नेला तर साहेब रजेवर. एका दुकानात, घ्यायचं नसेल तर हात लावू नको. आणि एका सरांनी तर सरळ सांगितलं, एवढं कशाला, नेटवरून उतरव, मार्क तेवढेच पडणार. खेड्यातल्या कॉलेजची मुलगी म्हणजे हिला काय खरंच शिकायचं असणार, असं धरूनच चालतात ही माणसं. राग अजून गेला नाही माझा.

तुमच्याकडे आले, वही उघडली, पहिला प्रश्न विचारला, तर तुम्ही माझ्या हातातलं पेन घेतलंत, टोपण लावून वहीवर ठेवलंत आणि हातात तो गुळगुळीत दगड दिलात. "नुसता लिवान काय कळतला गो चेडवा, आधी घोट."

मी घोटत होते आणि तुम्ही बोलत होतात. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा हात, मग घोटणं, मग रंग आणि लाख. दशावतारी जोडात 120 पानं, 10 अवतारांची प्रत्येकी 12, त्यात एक राजा, एक वजीर आणि बाकी 10 आकड्यांची. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू, रात्री कृष्णाच्या. हे सांगताना तुम्ही मधेच थांबून बाहेर ऊन किती राहिलंय ते बघितलंत, जणू आपण आत्ता डाव मांडणार आहोत! पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते हो. मग 1971 ची गोष्ट, हे काम संपत आलं होतं तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून पुन्हा सुरू केलं. आज गंजिफाच्या जीआय मानांकनाच्या (ही कला इथलीच, अशी सरकारी ओळख) बातम्या येतात तेव्हा मला आधी तो राजवाड्यातला दरबार हॉल दिसतो, तिथे मांडी घालून बसलेले कारागीर दिसतात.

पण खरं आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. त्या दिवशी मी जोर जास्त लावला आणि पानाची कड उचकटली. तुमचं काम फुकट गेलं म्हणून मी इतकी घाबरले की नीट माफी पण न मागता बस पकडायला पळाले. पुढच्या रविवारी आले तर ते पान तुमच्या रंगाच्या वाट्यांजवळ वेगळं ठेवलेलं. कड पुन्हा बसवलेली, आणि मधोमध लाल जमिनीवर मत्स्याचा एक छोटासा मासा, ओला असावा असा चमकणारा. मागे बारीक अक्षरात माझं नाव. "तुजा पयला पान ता, टाकूचा कित्याक?" एवढंच म्हणालात आणि पुन्हा कामाला लागलात. ओळख ना देख, विकायला काही मिळणार नव्हतं माझ्याकडून, तरी माझं बिघडलेलं पान जपावंसं तुम्हाला वाटलं. अशी माणसं आहेत म्हणून तर ही कला राहिली, नुसत्या योजनांनी राहिली नसती असं मला मनापासून वाटतं.

काल सगळा जोड टेबलावर मांडला होता, ते एक पान मात्र कंपासपेटीतच ठेवलं. कुणाच्या हातात द्यायचं धाडस झालं नाही.

परीक्षा संपली की येते, पाऊस लागायच्या आत. मासा झाला, आता कासव शिकवा.