कर्ता कुठे गेला?

महोदय,

शेतमालाचा व्यापार खुला करू पाहणाऱ्या 2020 च्या तीन कृषी कायद्यांवरच्या लेखांची कात्रणे परवा चाळली. बाजाराच्या बाजूचे लेख बहुतेक थंड. 'स्पर्धा वाढेल', 'कार्यक्षमता येईल', 'काही काळ झळ सोसावी लागेल'. ही झळ कोणी सोसायची? वाक्यातून कर्ताच गायब! भांडवलशाहीविरोधी लेख तापलेले: 'लूट', 'डाव', 'उद्योगपतींच्या घशात घालणे'. तिथे कर्ता ढळढळीत दिसतो, पण लासलगावात कांद्याचा भाव का पडतो, हा हिशेब दोन ओळींत उरकलेला.

ही वाटणी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी कधीच मोडली होती. खुल्या बाजाराचे ते खंदे समर्थक, जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्याही बाजूने उभे राहिलेले. तरी भाषा मोर्चाची, आणि सोबत उत्पादन खर्चाचा पैपैचा हिशेब. त्यांच्या लिखाणात लुटारू होते ते निर्यातबंदी आणि लेव्ही (सरकारी दराने सक्तीची खरेदी) लादणारे सरकार. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा बाजारवाद्याची आहे, हे माझ्या काही डाव्या मित्रांना आजही पटत नाही. (आणि बाजारवादी मित्रांना ती जरा गावंढळ वाटते, ते वेगळेच.)

डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. तेव्हा डावी किसान सभाही विरोधात उतरली आणि खुल्या बाजाराचे पुरस्कर्तेही. मागणी एकच. पण बाजारवाद्याने लिहिले 'धोरणातील विसंगती', डाव्याने 'शेतकऱ्यांच्या पोटावर पाय'.

– एक वाचक, नाशिक