इंग्रजी शिक्षकांचे प्रशिक्षण साहित्य

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या पुस्तिका अजून अध्यापनशास्त्राच्या व्याख्यांनीच सुरू होतात. नव्वद मिनिटांच्या सत्राला एकच कौशल्य पुरे. सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या पानापासून व्हावी. शिक्षकांनी त्या पानावरची कृती आधी विद्यार्थी म्हणून करावी, मग कुठे अडले यावर पंधरा मिनिटे चर्चा, आणि उरलेला, म्हणजे सत्राचा किमान निम्मा, वेळ स्वतःच्या वर्गासाठी पाठ आखून जोडीदारापुढे पाच मिनिटे घेऊन दाखवण्यास. हा सराव वेळेअभावी गाळला जातो आणि प्रशिक्षण वर्गात पोहोचतच नाही.

राज्य, जिल्हा, तालुका अशा उतरंडीत प्रशिक्षणाचा आशय गळत जातो, कारण प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकाच्या पुस्तिकेत फक्त मुद्दे असतात. तिथे प्रत्येक कृतीची वेळ, नेमकी सूचना, अपेक्षित उत्तरे आणि हमखास होणाऱ्या चुका हव्यात. ध्वनिफिती इंटरनेटशिवाय चालाव्यात. छपाईपूर्वी दहा-बारा शिक्षकांवर, त्यातही द्विशिक्षकी शाळेतल्यांवर, चाचणी घ्या. दोन इयत्ता एकत्र बसतात तिथे जोडीतल्या कृती कशा कोलमडतात, हे तेव्हाच कळते.

– एक साधनव्यक्ती, सातारा