मन्याला पत्र : चोवीस फुटांचं भांडण

प्रिय मन्या,

किती दिवस फोन नाही, मेसेज नाही, घाल शिव्या, ऐकून घेतो. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे. पण काल जे झालं ते तुलाच कळेल.

नांदूर मध्यमेश्वरला मामाच्या बांधावरचं, पक्षी बघायचं लपण आता उभं राहतंय. नाशकात पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं, इतकं कडक की मिस्त्रीचं ड्रिलचं बिट मोडलं. पावसाळ्यात पाणी बांधाला लागतं म्हणून तळ दोन फूट वर घेतलाय, आणि भांडण तिथेच. व्हीलचेअरसाठी एकास बारा उतार धरला तर दोन फुटांना चोवीस फूट रॅम्प. मिस्त्री म्हणे, एवढ्या फळ्यांत दुसरी खोली होईल, दहा फूट करू, खुर्चीवाला येणार कधीतरी, चौघं उचलतील की! बापूनेही मान हलवली. मी जो पेटलो ना. तो मनोरा आठवला, आम्ही वर पट्टकदंब पट्टकदंब करून नाचत होतो आणि तू खाली गाडीपाशी, उचलतो म्हटलं तर मलाच शिवी हासडलीस. (त्याचा राग अजून थोडा आहे. आणि माझी दुर्बीण?)

तर चोवीसच. पण एवढा लांब रॅम्प म्हणजे येणारा माणूस पाण्यावरून सरळ दिसणार, आणि शेकाटे तुला माहितीयेत, एक ओरडला की सगळं तळं उठतं. म्हणून पाण्याच्या बाजूने कूड घालतोय, आणि रॅम्पच्या फळ्या आडव्या, कारण चाकाच्या दिशेने ठेवल्या तर चाक फटीत जातं. खडखड नको म्हणून स्क्रू बापूकडून आवळून घेतोय, शिक्षा. तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन डोळ्यात नाही, मागची भिंत बंद, नाहीतर उजेडात आपल्या सावल्या दिसतात. खिडकीखालच्या फळीखाली गुडघे जायला सत्तावीस इंच सोडलेत, समोर बाक नाही. उभ्यांसाठी वर वेगळी फट, नाहीतर बापू तुझ्या डोक्यावर पोट टेकवून बघेल.

अडलंय ते बसणाऱ्यांसाठीच्या खालच्या फटीच्या उंचीवर. पुस्तकात चार फुटांच्या आसपास लिहिलंय, पण पुस्तकातला माणूस तुझ्यासारखा पुढे वाकून बसत नाही.

चिनूची दहावी कशी गेली? वहिनींची बदली झाली का? नवीन ऑफिसची लिफ्ट चालते ना? सगळं सविस्तर लिही, मी पण लिहीन.

आधी टेप घे, नेहमीच्या उशीवर बस, जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं माप चिनूला घ्यायला सांग आणि पाठव. शनिवारपर्यंत. रविवारी मिस्त्री फळी कापतोय.

तुझा,
अव्या